जिवंतपणी जमीन नावावर करून देताना : बक्षीसपत्र म्हणजे काय, खर्च किती, धोका कुठं

अंतरवाली सराटी (ता. अंबड, जि. जालना) : "डोळ्यादेखत पोरांच्या नावावर करून टाकतो, मागं भांडण नको." साठी-सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. विचार चांगला आहे. पण नावावर करून देणं म्हणजे नेमकं काय, त्यासाठी कोणता कागद लागतो, तो कागद झाल्यावर आपल्या हातात काय उरतं, हे पुरतं समजून न घेता सही होते आणि मग कोर्टाच्या खेट्या सुरू होतात. आरक्षणाच्या आंदोलनामुळं अंतरवाली सराटीचं नाव राज्यभर गेलं. त्या काळात निजामकाळातले जुने दप्तर शोधताना शंभर वर्षांपूर्वीच्या एका नोंदीला किती किंमत असते हे घराघरात कळलं. जमिनीच्या कागदाचंही तसंच आहे. आज जे लिहिलं जाईल, ते पुढच्या दोन-तीन पिढ्यांना बांधून ठेवतं. म्हणून बक्षीसपत्राबद्दलची कामाची माहिती इथं एकत्र दिली आहे.

बक्षीसपत्र म्हणजे काय

मोबदला न घेता, स्वखुशीनं, आपल्या हयातीत आपली मालमत्ता दुसऱ्याला देणं म्हणजे बक्षीस. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 122 मध्ये याची व्याख्या आहे. त्यात चार गोष्टी लागतात. एक, मालमत्ता आज अस्तित्वात आणि देणाऱ्याच्या मालकीची पाहिजे. "पुढं जी जमीन घेईन ती तुझी" असं बक्षीस होत नाही. दोन, देणारा स्वखुशीनं देत पाहिजे. दाब, धाक, फसवणूक नको. तीन, पैसे किंवा दुसरा मोबदला नको. पैसे घेतले तर ते खरेदीखत. चार, घेणाऱ्यानं ते स्वीकारलं पाहिजे, आणि तेही देणारा जिवंत असताना आणि त्याची देण्याची कुवत शाबूत असताना. घेणारा स्वीकारायच्या आधीच वारला तर बक्षीस रद्द समजलं जातं.

मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांत लोक नेहमी गोंधळ करतात. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं आणि तो जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदलं की मालकी तिथंच जाते. दुसऱ्या दिवशी मन बदललं तरी नुसत्या मन बदलण्यानं ते परत येत नाही. सगळ्या लेखातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

तोंडी बक्षीस, बाँड आणि नोटरी

"पंचांसमोर सांगितलं होतं", "बाँडवर लिहून दिलं होतं", "नोटरी केली होती" ही तिन्ही वाक्यं जमिनीच्या बक्षिसाला चालत नाहीत. स्थावर मालमत्तेचं बक्षीस करायचं तर कलम 123 प्रमाणं लेखी दस्त लागतो, त्यावर देणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो, किमान दोन साक्षीदार लागतात आणि तो दस्त नोंदवलेला असावा लागतो. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 मध्येही बक्षीसपत्राची नोंदणी सक्तीची आहे. जमीन दोन गुंठे असो की दहा एकर, किंमत कितीही कमी असो, सूट नाही.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी फक्त सही आपल्यासमोर झाली एवढं सांगते. मालकी बदलायची तर दुय्यम निबंधक कार्यालयातच दस्त व्हावा लागतो. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला द्यावा लागतो. उशीर झाला तर दंड भरून आणखी चार महिन्यांपर्यंत संधी मिळू शकते.

जनावरं, दागिने, ट्रॅक्टर, रोख रक्कम या जंगम वस्तूंचं बक्षीस मात्र नुसतं हातात देऊनही होतं. ट्रॅक्टरसारख्या वाहनाचं आरटीओच्या कागदावर नाव बदलणं हे वेगळं काम.

मुस्लिम समाजात 'हिबा' ही वेगळी पद्धत आहे. देतो असं जाहीर करणं, समोरच्यानं स्वीकारणं आणि प्रत्यक्ष ताबा देणं या तीन गोष्टी झाल्या तर तोंडी हिबासुद्धा कायद्यानं ग्राह्य आहे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. पण तिथं ताबा खरोखर दिला हे सिद्ध करावं लागतं. पुढं वाद नको म्हणून नोंदणीकृत दस्त केलेला केव्हाही चांगला.

कोणती जमीन देता येते?

इथंच सगळ्यात जास्त दस्त अडकतात. स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन माणूस कुणालाही देऊ शकतो. एका मुलाला दिली, दुसऱ्याला नाही दिली, लेकीला दिली, नातवाला दिली, शाळेला दिली, तरी कुणाला हरकत घेता येत नाही.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीचं तसं नाही. ती एकट्या बापाची नसते. जन्मापासून मुलांचा आणि मुलींचा तिच्यात हक्क असतो. वाटणी न झालेल्या जमिनीतला आपला हिस्सा एखाद्या सहहिस्सेदारानं बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस दिला तर ते बक्षीस टिकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1987 मध्ये दिला आहे. 19 एप्रिल 2022 रोजी न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. कृष्ण मुरारी यांच्या खंडपीठानं आणखी स्पष्ट सांगितलं, की कुटुंबप्रमुखाला वडिलोपार्जित मालमत्ता 'प्रेमापोटी' म्हणून कुणाला बक्षीस देता येत नाही. धर्मकार्यासाठी, तेही वाजवी मर्यादेत, देता येते. लेकीला लग्नात किंवा नंतर वाजवी हिस्सा देण्याला मात्र न्यायालयांनी पूर्वीपासून मान्यता दिली आहे.

उदाहरण घ्या. समजा डाव्या कालव्याखालची पाच एकर वडिलोपार्जित जमीन आहे. घरात बाप, आई, दोन मुलं आणि एक मुलगी आहे. महाराष्ट्रात अशी वाटणी झाली तर बाप, दोन मुलं आणि मुलगी यांच्याबरोबर आईलाही वाटा मिळतो. म्हणजे पाच वाटे, प्रत्येकी एक एकर. आता बापानं थोरल्या मुलाला पाचही एकरांचं बक्षीसपत्र करून दिलं, तर त्यानं चार जणांचंही देऊन टाकलं असं होतं. धाकटा मुलगा किंवा लग्न होऊन गेलेली लेक कोर्टात गेली, तर हा दस्त टिकवणं अवघड जाईल. आधी वाटणी करून घेतली, तर बापाच्या वाट्याला येणारी एक एकर त्याला हवी तशी देता येते.

लेकीच्या हक्काबद्दल गावात अजून बरेच गैरसमज आहेत. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि मुलगी मुलासारखीच जन्मापासून सहहिस्सेदार झाली. त्या तारखेला वडील जिवंत असले पाहिजेत ही अट आता उरली नाही. विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तसा निकाल दिला. फक्त 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकमानं पक्की झालेली वाटणी यातून सुटते. "तिच्या लग्नात खर्च केला, तिचा हक्क संपला" याला कायद्यात आधार नाही.

आणखी एक बारीक मुद्दा. बापाकडून आलेली प्रत्येक जमीन 'वडिलोपार्जित' ठरत नाही. 1956 नंतर वडील वारले आणि त्यांची स्वतःची जमीन वारस म्हणून मुलाला मिळाली, तर ती त्या मुलाच्या हातात त्याची स्वतंत्र मालमत्ता असू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्ये सांगितलं आहे. म्हणून जमीन घराण्यात कशी आली, वाटणी कधी झाली, जुने फेरफार काय सांगतात हे पाहिल्याशिवाय कुणी ठाम उत्तर देऊ नये. जुने फेरफार आणि खासरा पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून घ्यावेत आणि ते वकिलाला दाखवावेत. दस्त लिहिणाऱ्याच्या अंदाजावर राहू नये.

सातबाऱ्यावरचा शेरा आधी वाचा

सातबारा उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलं असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बक्षीसपत्र करू नये. सरकारनं दिलेल्या जमिनी, सिलिंगच्या जमिनी, काही कुळाच्या आणि इनामाच्या जमिनी यात येतात. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं इथं कूळ आणि इनामाचे कायदे पश्चिम महाराष्ट्राहून वेगळे आहेत. 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि 1954 चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा इथल्या जमिनींना लागतो. पुण्याकडच्या नातेवाइकानं सांगितलेलं कलम इथं लागेलच असं नाही. देवस्थान इनाम तर पुजाऱ्याच्या किंवा वहिवाटदाराच्या मालकीचं नसतंच, मग ते देणार कसं? गायरानावरचं अतिक्रमण कितीही जुनं असलं तरी त्याचंही बक्षीस होत नाही.

भूदानाच्या जमिनींचं तेच. विनोबा भावेंना पहिलं भूदान 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीत मिळालं. ते गाव तेव्हा हैदराबाद राज्यात होतं आणि जालनाही त्याच राज्यात होतं. जमीन हयातीत देऊन टाकण्याची एवढी मोठी चळवळ देशानं दुसरी पाहिली नाही. पण भूदानात मिळालेली जमीन ज्याला मिळाली त्याला ती मनाला येईल तशी पुढं देता येत नाही. असा शेरा सातबाऱ्यावर असेल तर आधी तहसीलला विचारावं.

तुकडेबंदी हा दुसरा अडथळा. राज्य सरकारच्या ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेप्रमाणं जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकडा पाडून दिला तर दस्तही अडतो आणि फेरफारही. याच्या नियमांत अलीकडं बदल होत आहेत, म्हणून दस्ताच्या दिवशीचा नियम विचारून घ्यावा.

तिसरा अडथळा म्हणजे बोजा. सोसायटीचं पीककर्ज घेतलं असेल तर जमिनीवर सोसायटीचा बोजा असतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 48 प्रमाणं ते कर्ज फिटेपर्यंत ती जमीन दुसऱ्याला देता येत नाही. बँकेचं कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागतं. बोज्यासकट जमीन स्वीकारली तर घेणाऱ्याला तो भारही उचलावा लागतो. आणि कुणी आपली सगळीच मालमत्ता एकाला देऊन टाकली, तर मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत देणाऱ्याचं कर्जही त्या घेणाऱ्यावर येतं, असं कलम 128 सांगतं.

मुद्रांक किती लागतो?

घरच्या माणसांसाठी महाराष्ट्रात मोठी सवलत आहे. 2015 मध्ये मुद्रांक अधिनियमात झालेल्या दुरुस्तीप्रमाणं शेतजमीन किंवा राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. जमिनीची किंमत पाच लाख असो की पन्नास लाख.

यादी नीट वाचावी. मयत मुलाची बायको त्यात आहे. मुलगा हयात असताना सुनेच्या नावावर केलं तर ती या यादीत बसत नाही. भाऊ, बहीण, आई, वडील यांना दिलं तर 3 टक्के दर लागतो. दुकानाचा गाळा किंवा व्यापारी प्लॉट मुलाला दिला तरी 200 रुपयांची सवलत नाही, तिथंही 3 टक्के. पुतण्या, भाचा, जावई, मेहुणा यांना दिलं तर खरेदीखताच्या दरानं मुद्रांक भरावा लागतो, आणि तो सरकारी बाजारमूल्य तक्त्यातल्या म्हणजे रेडीरेकनरच्या किमतीवर. याशिवाय स्थानिक संस्थेचा अधिभार, नोंदणी फी आणि कागद हाताळणीचा खर्च वेगळा असतो. हे आकडे मधूनमधून बदलतात. दस्त लिहायच्या आधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात विचारून लेखी आकडा घ्यावा. एजंटानं सांगितलेला एकरकमी आकडा मान्य करू नये, पावती मागावी.

घेणाऱ्याला आयकराची भीती वाटते. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर नाही. जुना बक्षीस कर तर 1 ऑक्टोबर 1998 पासूनच बंद झाला आहे.

दस्त कसा होतो?

अंतरवाली सराटीच्या लोकांना जवळचं कार्यालय म्हणजे अंबडचं दुय्यम निबंधक कार्यालय. सोबत चालू सातबारा, आठ-अ, देणाऱ्या-घेणाऱ्याची आधार आणि पॅन कार्डं, फोटो आणि दोन साक्षीदार लागतात. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8, आणि स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक. नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यानं एकट्यानं मालकी सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवावं.

दस्तात गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा चुकू नयेत. मोसंबीची झाडं, विहिरीतला हिस्सा, बोअर, पाइपलाइन, मोटारीचं वीज कनेक्शन आणि शेतात जायचा रस्ता हे सगळं शब्दांत लिहावं. "जमीन दिली पण विहिरीतलं पाणी नाही दिलं" यावरून भावाभावांत जेवढी भांडणं होतात तेवढी बांधावरूनही होत नसतील. पाण्याची पाळी कुणाची किती दिवस, हेसुद्धा लिहिता येतं.

देणारा आजारी आहे, अंथरुणाला खिळला आहे, तर नोंदणी अधिकारी घरी येऊन दस्त नोंदवू शकतो. नोंदणी कायद्याच्या कलम 31 मध्ये तशी सोय आहे आणि त्याची फी भरावी लागते. अशा वेळी देणारा शुद्धीवर होता, समजून उमजून सही केली, असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच तारखेचं घेऊन ठेवावं. पुढं कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. देणाऱ्याला वाचता येत नसेल तर दस्त त्याला वाचून दाखवला असं दस्तात नमूद करावं, आणि साक्षीदार घेणाऱ्याच्या बाजूचेच दोन्ही नसावेत.

नोंदणी झाल्यावर दस्ताची मूळ प्रत आणि सूची क्रमांक 2 घ्यावी. ई-फेरफार प्रणालीतून माहिती तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं जाते. नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. फेरफार रखडला म्हणून मालकी जात नाही, कारण मालकी दस्तानं मिळते. पण पीककर्ज, पीकविमा आणि उसाची नोंद या सगळ्यांना सातबाऱ्यावरचं नाव लागतं, म्हणून फेरफाराचा पाठपुरावा सोडू नये.

दिलेलं परत घेता येतं का?

"माझी मर्जी झाली की परत घेईन" अशी अट घातली तर कलम 126 प्रमाणं ते बक्षीसच निरर्थक ठरतं. देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडली तर बक्षीस रद्द होईल, असं दोघांच्या संमतीनं ठरवता येतं. शिवाय फसवणूक, धाक, गैरवाजवी दबाव असेल तर दिवाणी कोर्टातून दस्त रद्द करून घेता येतो. त्यासाठी मुदत तीन वर्षांची आहे, आणि ती खरा प्रकार कळल्यापासून मोजतात. तहसीलदार किंवा दुय्यम निबंधक यांना झालेलं बक्षीसपत्र रद्द करता येत नाही. एकट्यानं जाऊन 'बक्षीसपत्र रद्द केले' असा कागद नोंदवला तरी त्यानं मालकी परत येत नाही.

म्हातारपणाची अट लिहूनच द्या

आई-वडिलांसाठी खरा आधार 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम 23 मध्ये आहे. साठ वर्षं पूर्ण झालेल्या माणसानं आपली मालमत्ता, घेणारा आपल्याला सांभाळेल, खाणंपिणं-दवाखाना बघेल या अटीवर दिली, आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीनं किंवा दबावानं झालं असं मानून रद्द करता येतं. त्यासाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या निर्वाह न्यायाधिकरणाकडं साधा अर्ज करता येतो. अंबड तालुक्यासाठी ते अंबडच्या उपविभागीय अधिकारी कार्यालयात. दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्चही तिथून मंजूर होऊ शकतो. निर्णय पटला नाही तर ज्येष्ठ नागरिकाला 60 दिवसांत अपील करता येतं.

पण एक शब्द इथं सगळं ठरवतो, तो म्हणजे 'अटीवर'. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सांभाळण्याची अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं प्रेमानं दिलं तर कलम 23 लागत नाही. पुढं 2 जानेवारी 2025 रोजी न्या. सी. टी. रविकुमार आणि न्या. संजय करोल यांच्यासमोर मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईचं प्रकरण आलं. तिनं 2019 मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं आणि मुलानं तिला सांभाळण्याचं वेगळं लिहून दिलं होतं. पुढं मुलानं सांभाळ केला नाही अशी तिची तक्रार होती. उच्च न्यायालयात ती हरली होती. सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठी आहे, तो त्याच नजरेनं वाचला पाहिजे असं म्हणत बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि ताबा आईला परत द्यायला सांगितला.

दोन्ही निकालांवरून शेतकऱ्यानं घ्यायचा धडा एकच. अट तोंडी ठेवू नये, त्याच दस्तात लिहावी. साध्या मराठीत असं लिहिता येईल : "घेणार यांनी देणार व त्यांच्या पत्नी यांचा हयातभर अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांसह सांभाळ करण्याच्या अटीवर हे बक्षीस दिले आहे. सदर अटीचा भंग झाल्यास देणार यांना ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 चे कलम 23 प्रमाणे हे बक्षीस रद्द करून घेण्याचा अधिकार राहील." आईचं नाव विसरू नये. बाप आधी गेला तर मागं राहणारी बहुतेक वेळा आईच असते, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव बहुतेक वेळा नसतं.

दुसरी सोय म्हणजे हयातीपर्यंत उत्पन्नाचा हक्क स्वतःकडं ठेवणं. मालकी मुलाला द्यायची, पण जिवंत असेपर्यंत कब्जा आणि पीक आपलं, असं बक्षीसपत्र चालतं. नोंदणीकृत बक्षिसात लगेच ताबा देणं सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे.

नाव कमी झाल्यावर काय थांबतं?

सातबाऱ्यावरून नाव गेलं की पीककर्ज, विमा, अनुदान देणाऱ्याच्या नावानं मिळत नाही. पीएम किसानचं तर आणखी वेगळं आहे. त्या योजनेत 1 फेब्रुवारी 2019 ही जमीनधारणेची तारीख धरली आहे. त्यानंतर जमीन नावावर झाली असेल, तर मृत्यूनंतरच्या वारसाचा अपवाद सोडून, नवा मालक पात्र धरला जात नाही. म्हणजे बापानं आज सगळी जमीन मुलाला दिली तर बापाचे वर्षाचे 6,000 रुपये बंद होतात आणि मुलालाही ते मिळत नाहीत. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000 रुपये त्याच यादीवर चालतात, तेही जातात.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सगळी जमीन देऊन भूमिहीन झालेल्या माणसाला पुढं शेत घ्यायचं ठरलं तर शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? म्हणून सगळंच देऊन मोकळं होऊ नये. निदान नियमात बसेल एवढं क्षेत्र तरी स्वतःच्या किंवा बायकोच्या नावावर ठेवावं.

दुसरे रस्तेही आहेत

घरातल्या सगळ्यांना वाटून द्यायचं असेल तर बक्षीसपत्रापेक्षा वाटणीपत्र बरं. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटणी होते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं मे 2025 मध्ये घेतला. एखाद्या भावाला किंवा बहिणीला आपला वाटा नको असेल तर हक्कसोड पत्र. ते सहहिस्सेदाराच्याच लाभात होतं आणि तेही नोंदवावं लागतं. "फक्त सही कर" म्हणून बहिणीला अंबडला नेलं जातं, तेव्हा ती आपला मालकी हक्क कायमचा सोडत असते, हे तिला आधी सांगितलं गेलं पाहिजे.

आपल्या मागं काय व्हावं एवढंच ठरवायचं असेल तर मृत्युपत्र पुरतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार लागतात. हयातभर नावही आपलं, जमीनही आपली.

सही करण्याआधी एवढं विचारा

- जमीन स्वकष्टाची की वडिलोपार्जित? वाटणी झाली आहे का, कागद आहे का?
- सातबाऱ्यावर वर्ग 2, इनाम, भूदान किंवा इतर कसला शेरा आहे का?
- सोसायटी किंवा बँकेचा बोजा कमी झाला का?
- घेणारा 200 रुपयांच्या यादीत बसतो का?
- विहीर, रस्ता, वीज कनेक्शन दस्तात आलं का?
- सांभाळण्याची अट आणि हयातभराचा उत्पन्नाचा हक्क लिहिला का? आईचं नाव आलं का?
- थोडी जमीन स्वतःकडं राहते का?
- लेकींना माहीत आहे का?

वकिलाची फी परवडत नसेल तर अंबडच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडं जावं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतली कुटुंबं यांना तिथं मोफत वकील मिळतो. दस्त एका दिवसात होतो. तो करायच्या आधी आठ दिवस घरात बसून, सगळ्यांना बोलावून, लेकी-जावयांसकट बोलणं झालं तर पुढची वीस वर्षं वाचतात.